टाक्यांचं स्वयंवर

२ जून, सोमवार. सकाळी
आजपासून रोजनिशी. कारण, लग्न ठरलंय. फक्त मुलीला सांगायचं राहिलंय.

मुलगी म्हणजे लुपे. आमच्या बेटावर, गावच्या दवाखान्यात नर्स. शनिवारच्या रग्बीच्या मॅचमध्ये भुवई फुटली तेव्हा तिनेच टाके घातले. म्हणाली, कलाफी, पुन्हा या दारात दिसू नकोस. इतक्या काळजीने आजवर माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

निश्चय: राग सोडायचा. कायमचा. मी मुळात शांतच आहे, लोक शांत राहू देत नाहीत.

२ जून, संध्याकाळी
धक्क्यावर बोट रिकामी करताना फोर्कलिफ्टवाल्याने माझ्या पायाजवळून गाडी नेली. त्याच्या कानाखाली आवाज काढला. हा राग नव्हे, ही सूचना. निश्चय कायम.

६ जून, शुक्रवार
आई म्हणते, तुला मेल्याला मुलगी देणार कोण? मी म्हटलं, हल्ली देतं कोण? त्या स्वतःच घेतात. तिच्या वेळी सोपं होतं. बापाने आजोबांना आपला कोनफळांचा मळा दाखवला, आजोबांनी मान हलवली, झालं लग्न. आता पोरी फोनवर अंगठा फिरवतात. इकडे फिरवला तर नवरा, तिकडे फिरवला तर कचरा.

मीही फोनवर माहिती टाकली. फोटो कॅप्टनसोबतचा. कॅप्टन म्हणजे माझा डुक्कर, माझ्याच लग्नासाठी पोसतोय. अंगावर असं मांस आहे की बघणाऱ्याने नुसतं बघत राहावं. दुपारपर्यंत एकच उत्तर आलं. डुक्कर विकायचाय का, विचारत होती. फोन भिंतीवर आपटला. भिंतीचं काही झालं नाही.

११ जून, बुधवार
टाके काढायला गेलो. सरळ विचारलं, तू नवरा कसा निवडणार? लुपे म्हणाली, फोनवरचे फोटो नकोत अन् चर्चमधली भाषणंही नकोत. फोटोत काय, सगळेच देवमाणूस. टाके घालताना माणूस कळतो. सुई दिसली की आतला खरा बाहेर येतो. तेव्हा जो नीट वागेल त्याच्याशी करीन.

म्हणजे तिला दणकट गडी हवाय. म्हणजे मी! उडी मारून बाहेर आलो. दाराच्या चौकटीला डोकं लागलं, पण दुर्दैवाने फुटलं नाही.

१४ जून, शनिवार
आज फोडलं. सरावाला स्वतःहून गोलच्या खांबावर. कोच ओरडला, अरे बॉल तिकडे आहे!

दवाखान्यात लुपेला म्हटलं, इंजेक्शन नको. मर्दाला कशाला इंजेक्शन. ती म्हणाली, बघ हं. मी म्हटलं, तूच बघ.

पहिल्या टाक्यानंतरचं नीट आठवत नाही. औषधांची ट्रॉली खिडकीतून बाहेर गेली असं म्हणतात. मला धरायला आलेल्या वॉर्डबॉयचा दात माझ्या कोपराला लागला. चूक त्याची, एवढ्या जवळ यायचंच कशाला? लुपे म्हणाली, पुढच्या वेळी मुकाट्याने इंजेक्शन घे.

पुढच्या वेळी! म्हणजे तिने पुढचा विचार केलाय.

२८ जून, शनिवार
हामाला नावाचा एक किडा वळवळतोय. पाहुण्यांना बोटीतून देवमासे दाखवतो, केसाला तेल लावतो. लुपेला बोटीत फुकट फिरवून आणली. फोटो फेसबुकवर. फोटोत ती हसतेय, म्हणजे जबरदस्तीने हसवलेली असणार.

शांतपणे समजावायला धक्क्यावर गेलो. म्हटलं, हामाला, ती मुलगी ठरलेली आहे. तो म्हणाला, कोणाशी? मग मी त्याला उचलून त्याच्याच बोटीत टाकला. पडताना हनुवटी इंजिनावर आपटली आणि चिरली. रक्त भळाभळा. मीच त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. माणुसकी सोडत नाही मी.

खिडकीतून बघितलं (काच अजून बसवलेली नाही). हामालाने टाके पडताना फोन उघडून जगाला लाइव्ह दाखवलं आणि मोठ्याने आईच्या नावाने रडला. लुपेने फोन काढून घेतला आणि रक्ताच्या कापसांच्या ट्रेमध्ये ठेवला. हामाला बाद!

वाटेत एकदम उजेड पडला. जो जो तिच्या मागे लागेल, त्याला मीच फोडून टेबलावर पोचवायचा. सगळे रडणार, तिला सगळे दिसणार. उरेन मी. असली अक्कल आमच्या घराण्यात फक्त मलाच आहे.

१३ जुलै, रविवार
दुसरा उमेदवार लिसिआते. बँकेत कारकून, चष्मा, आवाज शिट्टीसारखा. चर्चच्या गाण्यात लुपेशेजारी उभा राहतो आणि तिच्या पुस्तकाचं पान उलटतो. तिला काय हात नाहीत?

आमच्याकडे रविवारी काम बंद, खेळ बंद, पोहायला जाणंसुद्धा बंद. मारामारी कामात धरतात की खेळात, हे कोणी स्पष्ट सांगितलेलं नाही. चर्चच्या मागे गाठला. दोघांच्याही कमरेला चर्चला जाताना गुंडाळतात त्या चटया, म्हणजे सगळं अगदी रीतीप्रमाणे. आधी त्याचा चष्मा काढला, घडी घातली, त्याच्या खिशात ठेवला. मग मारलं. सभ्यता म्हणून काही चीज असते. नाक डाव्या गालाकडे गेलं. तो एवढंच म्हणाला, कलाफी, माझं काय चुकलं ते तरी सांग.

याचं उत्तर तयार नव्हतं, म्हणून पुन्हा मारलं. दातावर लागून माझी बोटं फाटली.

त्यालाही खांद्यावरून नेलं. बाहेर बसून कान लावला. रडण्याचा आवाज येईना. थोड्या वेळाने लुपेच बाहेर आली, माझा हात धरला, धुतला, औषध लावलं. म्हणाली, दातांची जखम वाईट, हात सडतो. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, लिसिआतेने सांगितलं. माझं राहू दे, आधी त्याचा हात बघ म्हणाला. आणि हसली.

तिने माझा हात धरला!! निमित्तच शोधत होती बिचारी. लिसिआते तर घाबरून माझी खुशामत करायला लागलाय. बाद.

२५ जुलै, शुक्रवार
पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रकाराची शिक्षा म्हणून चर्चच्या कुंपणाला चुना लावायला लावला. चुन्याच्या बादलीला लाथ घातली. चुना चर्चच्या दारावर उडाला, आता तेही रंगवायचंय.

लिसिआते अजून रोज ड्रेसिंगला जातो. नाक इतके दिवस बरं होत नाही म्हणजे ठोसा काय दर्जाचा असेल! आई म्हणाली, हल्ली लुपेची सायकल बँकेच्या पायरीशी दिसते. मी म्हटलं, लग्नासाठी पैसे साठवत असेल. आईने ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, जेव.

२ ऑगस्ट, शनिवार
फोनबिन झालं, आता बापजाद्यांचा उपाय. चर्चच्या छपरासाठी पैसे उभे करायला सोळा तारखेला काव्ह्याची बैठक आहे. पुरुष गोल बसणार, गाणार, आणि मधे बसून काव्हा, म्हणजे मुळाचं ते मातकट, गुंगी आणणारं पाणी करवंटीतून वाढणार लुपे! वाढणाऱ्या मुलीची चेष्टामस्करी करायची, हीच रीत. अशाच बैठकांत आमच्या निम्म्या गावाची लग्नं जुळली.

एकच नियम. मुलगी वाढत असेल तिथे तिच्या भावाने पाय ठेवायचा नाही. बहीण-भावाच्या कानावर एकाच वेळी असली मस्करी पडणं म्हणजे घोर पाप. पण लुपेचा भाऊ ब्रिस्बेनला. रस्ता साफ.

माझी स्तुती करायला कोणीतरी हवं. टीममध्ये ऑकलंडहून नवा आलाय, फोटू. मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. म्हटलं, ये, एका मुलीसमोर माझं कौतुक कर. म्हणाला, उशीर होईल, पण येतो भाऊ. मुलीचं नाव त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कशाला उगाच स्पर्धा.

१७ ऑगस्ट, रविवार
बोलता येत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

काल बैठक रंगली होती. मी गायलो. लुपेने करवंटी हातात दिली तेव्हा मी मस्करीला सुरुवात केली. माझी होडी मोठी आहे गं, म्हटलं, तुझ्या बंदरात मावेल का? सगळे खो खो हसले. लुपेही जराशी. अंगात आलं. म्हटलं, आणि वल्हं म्हणशील तर...

एकदम शांतता. पट्टीचा गवई थांबला. मला वाटलं, लोक भारावले. म्हणून वल्ह्याचं सगळं वर्णन पूर्ण केलं, हातांनी मापही दाखवलं. लुपेने हातातली करवंटी खाली ठेवली आणि माझ्या पाठीमागे दाराकडे बघितलं.

दारात फोटू.

त्याची आई आणि लुपेची आई सख्ख्या बहिणी. पोरं तान्ही असताना त्याची आई ऑकलंडला गेली. मला कोणी सांगायला नको? जगात कुठे याला मावसभाऊ म्हणत असतील, आमच्याकडे भाऊ म्हणजे भाऊ, पुरा. तो लालबुंद. मी हसून म्हटलं, भाऊ, बस ना, जागा आहे.

खालून वर एकच ठोसा आला. मी बसल्या जागेवरून उठलो, उभा राहिलो आणि मग पडलो. मग त्याने बाकीचं केलं. कोणी मधे पडलं नाही. दोघांनी काव्ह्याचं भांडं मात्र जपून बाजूला घेतलं. छपराचे पैसे त्यावरच उभे राहणार होते.

जबडा मोडलाय. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारांनी एकत्र बांधले. लुपेने शेजारी उभं राहून बॅटरी धरली. मी इंजेक्शन घेतलं. हाललो नाही. म्हटलं, हीच ती परीक्षा! नंतर पाटीवर लिहून विचारलं, नीट वागलो ना?

ती म्हणाली, हो, पहिल्यांदाच. आणि मग म्हणाली, रडू नकोस कलाफी, तारा गंजतात.

२४ ऑगस्ट, रविवार
आई काल सगळ्यात चांगली चटई आणि कॅप्टनला घेऊन लुपेच्या मामाकडे गेली. अंगणात मान खाली घालून मातीत बसून राहिली, त्यांनी उठ म्हणेपर्यंत. घरी येऊन म्हणाली, माफ केलं त्यांनी. मुडद्या, वाचलास. या वयात तुझ्यापायी माती खाल्ली.

वाईट वाटलं. खरंच. आईचे गुडघे दुखतात.

पण विचार करता असं दिसतं की मुलाच्या घरून मुलीच्या घरी डुक्कर गेला, चटई गेली, आणि त्यांनी ठेवून घेतली. याला गावोगाव काय म्हणतात? साखरपुडा! आईला हे समजावायचा प्रयत्न केला, पण पाटी पुरली नाही.

७ सप्टेंबर, रविवार
चर्चमध्ये पाद्रीबाबांनी वाचलं: लुपे आणि लिसिआते यांचा विवाह, वीस तारखेला. कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोलावं.

मी उभा राहिलो. तारांच्या आतून जमेल तेवढा ओरडलो. हूं हूं हूं. सगळं चर्च माझ्याकडे बघायला लागलं. पाद्रीबाबा म्हणाले, शाबास, लग्नाच्या जेवणासाठी भट्टीचा खड्डा कलाफी खणणार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

८ सप्टेंबर, सोमवार
तारा तपासायला गेलो. पाटीवर लिहिलं, तो का?

लुपे हात पुसत म्हणाली, नाक गालावर गेलं होतं त्याचं, आणि तो तुझ्या हाताची काळजी करत होता. असला माणूस मला फोनवर कुठे सापडला असता? बँकेत तर काचेमागेच बसतो, मान वर करत नाही. तू आणून टेबलावर ठेवलास म्हणून दिसला. उपकार झाले रे तुझे.

लिहिलं, आणि मी? तिने टॉवेल खुंटीला लावला. मग म्हणाली, तुला मी घाबरते, कलाफी. दवाखान्यातले सगळेच घाबरतात.

बाहेर येऊन भिंतीवर मूठ उगारली. दारात वॉर्डबॉय उभा होता, पुढचा दात नसलेला. तो मागे सरकला. मूठ तशीच खिशात घातली.

२० सप्टेंबर, शनिवार
लग्न झालं. पहाटेपासून खड्डा खणला, दगड तापवले, केळीची पानं अंथरली. हमालीचं काम मला चांगलं येतं. हामाला लाइव्ह दाखवत होता. फोटूने माझ्या गळ्यात हार घातला आणि पाठीवर थाप मारली. जबडा कळवळला.

लिसिआतेचं नाक वाकडंच बसलंय. बायका म्हणत होत्या, रुबाबदार दिसतो हो. ते नाक माझं काम आहे, पण सांगणार कोणाला.

पंगत बसली. अळूच्या पानांतलं मटण, कोनफळं, मासा, आणि मधोमध कॅप्टन, सोनेरी भाजलेला, तोंड उघडं. माझं बंद. सगळं गाव बोटं चाटत होतं. आईसुद्धा.

मी कडेला बसलो होतो. नवरदेव स्वतः उठून आला, कमरेच्या नव्या चटईत अडखळत. हातात कप, कपात नळी. माझ्यापुढे गुडघ्यावर बसला आणि विचारलं, हात बरा आहे ना आता?

उजवी मूठ आपोआप वळली होती. पण कप घ्यायला मूठ उघडावी लागते. उघडली.

कपात कॅप्टनचाच रस्सा होता. मीठ बरोबर होतं. संपवला.

रडलो नाही. तारा गंजतात.