भिंगरीच्या प्रकल्पाचं शेवटचं पान

१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा पोचलं. भाऊजींचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. मी ठीक. क्वार्टरचं गळकं छत एकदाचं दुरुस्त झालं.

भिंगरीला शाळेत 'प्राण्यांचा जन्म' हा प्रकल्प दिलाय आणि 'मावशी प्राणिसंग्रहालयात डॉक्टर आहे, तिलाच विचार' म्हणून ती हटून बसलीय, हे वाचून हसू आलं. तर तिला सांग.

कांगारूचं पिल्लू घेवड्याच्या दाण्याएवढं जन्मतं. आंधळं, तरी आईच्या अंगावरून सरपटत बरोबर तिच्या पिशवीत शिरतं. समुद्रघोड्यात मादी नराच्या पिशवीत अंडी घालते आणि बाळंत होतो नर. (हे भाऊजींना वाचून दाखव, गुडघा विसरतील.) मगर अंड्यातून निघालेली पिल्लं जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. साळिंदराची पिल्लं काटे घेऊनच जन्मतात. तेव्हा ते मऊ असतात, आईला टोचत नाहीत. काही तासांत कडक होतात.

जिराफाचं कालच पाहिलं. आमची जिराफीण उभ्या उभ्याच व्याली. पिल्लू पुरुषभर उंचीवरून धपकन पडलं. तिने वाकून चाटलं, मग ते उठेपर्यंत पायाने ढोसत राहिली. मी कुंपणाला धरून रडले. तिची देखभाल करणारे काका म्हणाले, "मॅडम, अजून रडता? तुम्हाला स्वतःचं मूल नाही ना, म्हणून जीव अडकतो बघा."

चांगला माणूस आहे. मी म्हटलं, "असेल, काका."

आता तुझ्या पत्राच्या शेवटाकडे येते. भिंगरीला शेवटच्या पानावर 'माझा जन्म' लिहायचाय. ती रोज विचारते आणि तू टाळतेस. 'तूच काहीतरी रचून पाठव, मीच सांगतेय असं लिही.' हे लिहिताना हात अडखळला नाही का गं? आणि वर, या उन्हाळ्यात येऊ नकोस म्हणे. पोरगी माझ्यासारखी दिसायला लागलीय, लोक बोलतात.

रचायचं कशाला? घडलं तेच घे.

कळा आदल्या संध्याकाळपासून येत होत्या. सकाळी सुटका झाली. आपली आई दाराबाहेर उभी, कोणी ओळखीचं येतंय का बघत. पोरगी आधी रडलीच नाही. नर्सने पाठ चोळली तेव्हा टाहो फोडला. मग माझ्या छातीवर ठेवली. ओली, गरम. तिची मूठ माझ्या केसांत अडकली.

नर्सने विचारलं, "बाळंतिणीला झोपू दे. बाळ कोणाकडे देऊ?"

तू म्हणालीस, "माझ्याकडे. मीच आई."

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. मूठ सुटेना, तेव्हा तू कात्री मागून घेतलीस आणि माझे केस कापलेस. पोरीला धक्का लागू नये म्हणून किती जपून कापलेस!

माझं लग्न झालेलं नव्हतं, शिक्षण अर्धवट होतं, तुझी कूस रिकामी. आईने दोन्ही प्रश्न एकाच खोलीत निकालात काढले. मी हो म्हटलं होतं, नाकारत नाही. पण मावशी म्हणून वर्षातून एकदा येईन, हेही तेव्हाच ठरलं होतं. नऊ वर्षं मी तेवढ्यावर भागवलं. आता तेवढंही तुझ्या डोळ्यांत खुपतंय.

तर यात जिथे मी आहे तिथे स्वतःला घाल आणि पान भरून दे. आता सवय असेल तुला.

मे महिन्यात मी येतेय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी होऊन काही बोलणार नाही, पण भिंगरीने मला विचारलं तर खोटं सांगणार नाही.

तिला माझा पापा दे. कोणाचा म्हणून, ते तुझं तू बघ.

तुझीच,
धाकटी