वंशावळीत नसलेल्या बायका

मी, जानकी सदाशिव गावडे, वय एकसष्ट, अविवाहित, धंदा ब्लाउज शिवण्याचा, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अंडाशयाच्या कर्करोगाचे उपचार संपले असून मला मरायची घाई नाही. उलट आज मी इतकी खूश आहे की लिहायची मात्र घाई झाली आहे. अक्षर वाकडे आले तर ते आजारपण समजू नये.

१. राहते घर भाऊ लहू याच्या मुली, नेत्रा व पूर्वी, यांना समसमान.

२. शिलाई मशीन पूर्वीला. पैठणी वहिनी श्वेताला, मात्र "लग्न झालं की पोट दुखायचं थांबतं" हे तिने नेत्राला सांगणे बंद करावे. माझी आईही हेच सांगायची. लग्न राहिले ते राहिलेच, दुखणे मात्र मुक्कामाला आले.

३. पाळीतल्या त्या दुखण्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात, हे मला कर्करोगानंतर कळले. नेत्रालाही तेच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे असलेल्या बहुतेक जणींना कर्करोग होत नाही. पण दोन्हींची काही आनुवंशिक मुळे एकच आहेत, तेव्हा घरातल्या बायकांची माहिती आणा. आम्ही गावच्या घरातली भिंतीवरची वंशावळ नेली. त्यात एकही बाई नव्हती. मग मी आठवून आत्या, आजी, चुलतआजी सगळ्या लिहिल्या, कुणाला काय दुखणे होते त्यासह. रक्त तपासल्यावर माझ्या जनुकात दोष सापडला; आजारी बायका वडिलांकडच्याच, म्हणजे तो त्यांच्याकडून आलेला. शाप समजून ज्याचे दरवर्षी देवाला गाऱ्हाणे घातले, त्याचा पत्ता लागला. मला पेढे वाटावेसे वाटले. बायकांसह नवी वंशावळ गावी देवाशेजारी लावावी.

४. भाऊ लहू याला काही देत नाही. तो म्हणतो, "बायकांचा दुखणा माझ्या रगतात खंयसून येतला?" अरे, माझ्यात आले तसेच, वडिलांकडून. तू रक्त तपासून घे; तुझ्यात हा दोष नसेल तर दोन्ही मुली त्यातून सुटल्या. असेल तर त्यांची तपासणी करून वेळीच लक्ष ठेवता येईल. मला त्यांची फार काळजी वाटते. वकील म्हणतात, वाटेकऱ्याने साक्षीदार होऊ नये. मला तू साक्षीदार हवास, कारण वाचल्याशिवाय तू कशावरही सही करत नाहीस.

स्थळ: मुलुंड. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५.

(सही) जानकी सदाशिव गावडे

साक्षीदार:

(सही) डॉ. सुबोध प्रधान, बाईंचे नेहमीचे डॉक्टर. बाईंची शुद्ध शाबूत आहे. आवाज नेहमीपेक्षा मोठा.

(सही) लहू सदाशिव गावडे. वाचलंय सगळा. बुधवारी तपासणेक रगत देऊक येतंय. आधी देवाक नारळ ठेवतलंय.