ढोलीतला कोळी

धारूर, १२ ऑक्टोबर

पळाले. कॉलेजात कोळ्यांवर शिकतेय, आणि खरा मोठा कोळी समोर आला तर पळाले!

किल्ल्यामागच्या डोंगरात नाथाकाकांच्या रानाला लागून एक वाळकं झाड आहे. त्याच्या ढोलीत बॅटरी मारली. आत तळहाताएवढा, राखाडी, केसाळ. पुढचे पाय उचलून उभा राहिला, आतून पिवळेधमक. विषारी असतो, माहीत होतं. फोटो न काढताच उतरले. एम.एस्सी.चा प्रकल्प याच्यावरच करायचा.

१३ ऑक्टोबर

अम्मी नको म्हणतेय. तरी जाणार.

१५ ऑक्टोबर

अब्बा गॅरेज बंद ठेवून सोबत आले. "एकटी न्हाई जायचं. मला त्यातलं काय कळत न्हाई, पन मी हाय."

या वेळी फोटो काढले. कोळी हळूहळू बाहेर आला, खोडावर पसरून बसला. लई देखणा. नजर हटेना — आणि मागे सरकताना माझा पाय घसरला. मला धरताना अब्बांचा हात खोडावर पडला. नेमका त्याच्यावर.

१६ ऑक्टोबर

अंबाजोगाई, दवाखाना. अब्बांचा हात सुजलाय, पोटऱ्यांत गोळे येतायत. जिवाला धोका नाही, डॉक्टर म्हणाले. अम्मी एवढंच बोलली, "आता बस झालं, हीना."

मी हो म्हटलं नाही. अब्बांचे पाय चोळत बसले.

१८ ऑक्टोबर

अब्बांना घरी आणलं. नाथाकाका भेटायला आले. "उद्या डिझेल टाकून पेटवतो ते झाड. बाया सरपनाला जातेत तिकडं."

म्हटलं, काका, तो कुणाच्या मागे लागत नाही. अंगावर हात पडला म्हणून चावला.

"आधी बापाचा हात बघ, मग बोल."

अब्बा भिंतीकडे तोंड करून पडलेले. माझ्यावर रागावले असतील, तर रागावू देत. सकाळी झाडाकडे जाणार. काकांना अडवणार.

१९ ऑक्टोबर

उठले तर अब्बांची खाट रिकामी. नमाजला गेले असतील म्हटलं. चप्पल घालत होते, तेवढ्यात नाथाकाकांचा फोन.

"तुझ्या बापाला घरी ने बाई. उजाडल्यापासून झाडाखाली बसलाय. आधी मला पेटव म्हनतोय."