काउंटीच्या सभेत मी डेविटला कसं हरवलं

प्रिय लुएलाताई,

धाकट्या भावाचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (त्या नव्या डॉक्टरवर फार विसंबू नकोस, तो आपल्या पंथाचा नाही, मेथडिस्ट आहे.) इकडे प्रभूच्या कृपेने सगळे खुशाल. मी तर आज विजयी वीर आहे, म्हणून पत्र सावकाश बसून वाच.

सुट्टीत शाळेच्या जेवणघरात पोरांना फुकट जेवण द्यायचं की बंद करायचं, यावर मंगळवारी काउंटीच्या सभेत पाच कमिशनरांचं मतदान होतं. ऐंशी पोरं, गिरणी बंद पडल्यापासून हातातोंडाची गाठ न पडणाऱ्या घरांतली. मी अर्थातच बंद करण्याच्या बाजूचा. चर्चचा डीकन म्हणून चार लोक माझं ऐकतात (बायको त्यात नाही). राजकारणात मी स्वतःचं मत कधी लादत नाही, तुला ठाऊकच आहे. आधी मत होतं, मग त्याला वचन सापडतं, आणि एकदा वचन सापडलं की ते मत माझं कुठे राहतं, देवाचंच होतं. तर मी बायबल उंचावून गरजलो, "ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये! दुसरं थेस्सलनीकाकरांस, तीन, दहा!" आमेनचा गजर झाला. मी बसणार तोच मागून आवाज आला, "सावधान! तलवारी उपसा!"

इमोजीनबाई! एक्याण्णव वर्षांच्या, पण आवाज आपल्या लहानपणच्या रविवारच्या शाळेतलाच. तलवार म्हणजे बायबल, बाई वचन पुकारणार, आणि ज्याला पान आधी सापडेल त्याने एक पाऊल पुढे येऊन खड्या आवाजात वाचायचं. किती मार खाल्लाय आपण त्यापायी! "तेच पुस्तक, तोच अध्याय, अकरा ते तेरा. हल्ला!" अगं, पाचही कमिशनर, बाईंचेच जुने विद्यार्थी, खुर्च्या लोटून उठले. त्यात डेविट केगल, ज्याने बावन्न वर्षांपूर्वी याच खेळाच्या राज्यस्पर्धेत मला हरवलं आणि दर ईस्टरला ते ऐकवतो. त्या माकडाला सोडतो की काय मी? (माझा अंगठा आधीच त्या पानात होता, पण तसा नसावा असं नियमात कुठे लिहिलंय?) टुणकन पुढे आलो आणि भिंती हादरतील असं वाचलं: तुमच्यातले काही रिकामटेकडे दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसतात, त्यांनी गपगुमान कामाला लागावं, आणि बंधूंनो, तुम्ही चांगलं करताना कंटाळू नका!

बाई म्हणाल्या, "शाब्बास, हॉइट. आता बस खाली, आणि पोरांना जेवू दे."

पाच विरुद्ध शून्य, जेवण चालू. घटकाभर माझे कान तापले, खोटं का बोलू? पण डेविटचं तोंड बघायला हवं होतंस! एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. बावन्न वर्षांचा सल निघाला, ताई. मतदान काय, दरवर्षी हरता येतं.

तुझा विजयी भाऊ,
हॉइट

ता. क. रिकामटेकड्यांनी कामाला लागावं हे मीच वाचल्यामुळे बाईंनी सोमवारपासून जेवणघर माझ्याच गळ्यात बांधलंय. आईच्या मक्याच्या पावाची कृती उलट टपाली पाठव. ऐंशी जणांची.

आणखी ता. क. पोरांची यादी आत्ता हातात आली. सातवं आणि आठवं नाव आपल्या व्हर्नाच्या मुलांचं आहे. माझी पोटची पोर, चार मैलांवर राहते, पण घरात अडचण आहे असं बोलली नाही कधी. मीही विचारलं नव्हतं. पावात लोणी जास्त घालायचं तर किती, तेही लिही.