शेवटच्या साताची तरतूद

मी, सुलोचना विश्राम खांबेटे, वय ७४, निवृत्त गणित प्राध्यापिका, राहणार सेक्टर ४४, चंदीगड, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही घरात कोणाला शंका असेल तर असो.

१. या घरातला माझा अर्धा हिस्सा पती विश्राम यांना हयातभर, त्यांच्यानंतर मुलगी देवयानी हिला. ठेवी आणि दागिने थेट देवयानीला. ती पंचकुल्याला राहते आणि माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देते. बाई गं, हे कागद स्वतः वाच. "मम्मी, आप ही बता दो" चालणार नाही, तेव्हा मी नसेन.

२. दीर कृष्णकांत दर दिवाळीला विचारतात, "वहिनी, तुमच्या त्या आकड्याचा उपयोग काय?" त्यांना माझा कॅल्क्युलेटर द्यावा. त्याचा तरी उपयोग त्यांना कळेल.

३. आता तो आकडा. ही एकसष्ट अंकी संख्या अविभाज्य आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही, हे मी १९८३ साली सिद्ध केलं. आज मोबाईल क्षणात सांगतो, ठाऊक आहे, कृपया मला काढून दाखवू नका. तेव्हा माझी चार वर्षं गेली. माझं स्वतःचं म्हणावं असं आयुष्यात तेवढंच आहे.

माझ्या निवृत्तीला विश्राम यांनी ती पितळी पाटीवर कोरून घेतली. पाटी भरली म्हणून कारागिराने शेवटचा सात गाळला. वर मलाच म्हणतो, "मॅडमजी, एक ही तो अंक है!" अहो, सात गेला की शेवटी उरतो चार! सम संख्या! तिला दोनने भाग जातो हे तिसरीतलं पोर सांगेल. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत जन्मभर केसाएवढी मापं घेणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे दिसू नये? म्हणतात, "असू दे गं, प्रेमाने केलंय." तेव्हापासून ती पाटी दिवाणखान्यात माझी अब्रू काढते आहे. मी गेल्यावर श्रद्धांजलीत हीच चुकीची संख्या छापतील, या धास्तीने मला झोप लागत नाही. सबब, पाटी भंगारात द्यावी.

४. कलम ३ मधली भंगाराची सूचना रद्द. काल मसुदा विश्राम यांना वाचून दाखवला. आज सकाळी पाहते तर गुडघे बदललेला हा माणूस स्टुलावर चढून, पाटीच्या उजव्या कडेला लागून, भिंतीवर काळ्या रंगाने सात काढून बसलाय. वाकडा आहे. पण जिथे हवा तिथे आहे. मला रडू आलं, हेही नोंदवते.

यापुढे पाटी आणि ती भिंत मिळून एकच वस्तू समजावी. पाटी हलवू नये, भिंत रंगवू नये. घर विकायचं झालं तर घेणाऱ्याला हे आधी सांगावं. त्याने कुरकुर केली तर दुसरं गिऱ्हाईक बघावं. विश्राम यांना पुन्हा स्टुलावर चढू देऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी देवयानीने करावी.

चंदीगड, ९ नोव्हेंबर २०२५
(सही) सुलोचना वि. खांबेटे

सुलोचनाबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. त्यांच्या आग्रहावरून हेही लिहितो की, भिंतीवरचा सात आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिला.

साक्षीदार:
(सही) डॉ. जयंत गुरुनाथ मोडक
(सही) मीनाक्षी श्रीनिवास काळसेकर