छाती दाखवायला सुरतला

५ जानेवारी २०२५

आज पुन्हा "बघू"! तीस वर्षं झाली लग्नाला, ह्यांचं बघणं काही संपत नाही. आधी मयूरीचं शिक्षण, मग मयूरीचं लग्न, मग घरावरचा स्लॅब. आता फेब्रुवारीअखेर कापसाच्या जिनिंगमधून रिटायर होतायत, तर म्हणे, "आते ते हात आखडीसनच ऱ्हावनं पडी." आता आखडायचा? मग इतकी वर्षं काय पसरला होता? कारकुनाची पेन्शन ती केवढी — गॅसची टाकी आणि वर थोडा भाजीपाला. माझ्या अंगणवाडीच्या मानधनामागे तर तेवढंही नाही.

मला समुद्र बघायचाय. बस. चोपन्न वर्षांची झाले आणि तापी सोडून दुसरं मोठं पाणी पाहिलं नाही.

७ जानेवारी

काशी करून आलेली शहाद्याची मंडळी आली होती. आमच्या ह्या तापीकाठच्या प्रकाशाला आल्याशिवाय काशी पुरी होत नाही ना! म्हणून अख्खं जग फिरून येतं आणि शेवटचा चहा आमच्या ओट्यावर पितं. फोटो दाखवतात. मी "वा, वा" म्हणते आणि कपबश्या विसळते. आज विसळता विसळता रडले. कुणाला दिसलं नाही.

९ जानेवारी

भांडण. मी म्हटलं, निदान काशी तरी. तर म्हणाले, काशीला जाणं स्वस्त आहे, परत येणं महाग — आल्यावर मावंदं घालायचं, सगळी भाऊबंदकी जेवू घालायची. हे मात्र खरं आहे.

मग मला सुचलं. दमण! तिथे समुद्र आहे आणि जत्रेचा देव नाही. देव नाही तर मावंदं कशाचं? हे हसले. किती महिन्यांनी हसले! पण लगेच तोंड पाडून — "लोके काय म्हनतीन? रिटायर व्हयना आनि दमनले गया?" दमणला इकडची माणसं कशासाठी जातात ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. बाटली सोडून दुसरं कारण कुणी ऐकूनच घेणार नाही.

११ जानेवारी

हो म्हणाले!! दोन रात्री. एकच अट — बँकेतल्या डिपॉझिटला हात लावायचा नाही, माझ्या मानधनातून मागे टाकलेल्या पैशात बसवायचं. बसवते. उपाशी राहून बसवते.

१३ जानेवारी

काय करून बसले मी!

माळ्यावरची बॅग काढत होते, तेवढ्यात जाऊबाई दारात. शोभाबाईंना वास येतो की काय कोण जाणे. "कथा निंघन्यात व?" दमण म्हणू? तोंडातून निघून गेलं — "सुरतले. ह्यास्नी छाती दाखावनी शे."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि तशाच परत गेल्या. तिळाचं कूट मागायला आल्या होत्या, तेही विसरल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ घ्यायला म्हणून माणसं आली ती पेशंट बघायलाच. शहाळी, बिस्किटाचे पुडे, चिकू. जो तो जाताना ह्यांच्या मुठीत नोट कोंबतोय. शेजारची भिकुबाई, जिला स्वतःच्या औषधाला पैसे नाहीत, तिनेसुद्धा पन्नासची नोट दिली. नको म्हटलं तर रागावली.

हे दिवसभर खाटेवर पडून. उठले की कुणीतरी "पडी ऱ्हा, पडी ऱ्हा!" करतं. संध्याकाळी दार लोटल्यावर मला म्हणाले, "जित्ता माणूसले खाटवर धाडं तू!" चूक माझीच आहे. पण मग मी करायचं तरी काय? खरं बोलून फिरायला जायची सोयच ठेवलेली नाही आम्हाला!

१७ जानेवारी

धाकटे दीर, चुनीलालभाऊ. मित्राची गाडी सांगून आलेत, सुरतच्या मोठ्या दवाखान्यात नंबरही लावून टाकलाय. "भाऊले एकला कसा धाडसू? मी येस ना संगे!"

मी म्हटलं, एवढं काही नाही हो, आम्ही रेल्वेने जाऊ. ऐकेनात. मला रडूच फुटलं. आणि ते माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणतात, "वहिनी, घाबरू नका. मी शे ना." माणूस इतका चांगला असला की त्याचं तोंड बघवत नाही.

१८ जानेवारी

सांगून टाकू का सगळं? ह्यांना विचारलं. "कसं सांगशी? लोकेस्ना हातना पैसा लिधा आपन." झालं. गावाला फसवलं हे कळलं तर म्हातारपणी पाणी पाजायला कोणी येणार नाही.

म्हणजे माझं दमण तपासण्यांत जाणार. एक एक महिना करून ठेवलेलं.

२१ जानेवारी, सुरत

गेले. सगळे पैसे गेले. रक्त, ईसीजीची पट्टी, पट्ट्यावर पळवणं, सोनोग्राफी. धडधाकट माणसाला नळ्या लावल्या आणि मी बाहेर बाकड्यावर बसून पावत्या धरल्या.

दवाखान्यातली मावशी म्हणाली, दुमसचा दरिया इथून रिक्षाने जवळच. मी चुनीलालभाऊंकडे नुसतं पाहिलं. "पेशंट लईसन वाळूमा कथा फिरनं, वहिनी?" बरोबरच आहे त्यांचं! समुद्र एवढ्या जवळ आणि मी इथे फिनाइलचा वास घेत बसलेय. रिटायर झाल्यावर तर हे दोन रुपये सुटू देणार नाहीत. संपलं माझं. आता मला काही नको. कुणी विचारूही नये.

२२ जानेवारी

रिपोर्ट चांगले. डॉक्टर हसून म्हणाले, काका, तुमचं हृदय नव्वदीपर्यंत चालेल! चुनीलालभाऊंनी घारीच्या मिठाईचा डबा घेतला, सगळ्या गावाला फोन लावले. हे मात्र पांढरेफटक. गाडीत मागे शेजारी बसल्यावर मी हळूच विचारलं, काय झालं?

"मन्हं सत्तर वरीस लोंगच धरेल व्हतं."

काय धरलं होतं?

"खर्च. बाबा सहासष्टले गयात. मन्हं सत्तर धरं. तुन्हं नव्वद लोंग — तुन्ही माय आजून जित्ती शे ना. मी नसताना तुले कोनापुढे हात पसरना पडाले नको." मग अगदी घाबरून — "आते दोन्ही जन नव्वद लोंग ऱ्हायनूत तं कसं पुरी व?"

मी म्हटलं, नाही पुरणार. आणि त्यांचा हात धरला, चुनीलालभाऊ आरशातून बघत होते तरी.