मधल्या स्पीकरमधला दोरा

३ सप्टेंबर

समोरचा माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज नेमका कुठे असतो? त्याच्या घशात, मधल्या हवेत, की माझ्या कानात? नोकरीच्या पहिल्याच तासात स्तामेनकाकांनी मला हा प्रश्न विचारला. राजधानीत, सोफियाला पाच वर्षं ध्वनिशास्त्र शिकले, तरी मला उत्तर येत नाही, आणि मी तसं सांगून टाकलं. काका खूश झाले. म्हणाले, उत्तर दिलं असतंस तर परतीच्या बसमध्ये बसवून दिलं असतं.

कामेनडोल गाव मला फार आवडलं. अंगणाअंगणात हिवाळ्यासाठी मिरच्या भाजताहेत, सगळ्या गावाला तो गोडसर जळका वास. स्पीकरच्या या कार्यशाळेत आम्ही दोघंच. काका पेट्या बनवणार, मी आतली जुळणी आणि मोजमाप करणार. चांगला आवाज फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्यात का असावा? साध्या माणसालाही परवडेल असा स्पीकर मला करायचाय.

संध्याकाळी पाचला आईचा फोन आला. माझं पदवीचं प्रमाणपत्र तिने दारासमोरच्या भिंतीवर लावलंय, पाव देणाऱ्यालाही दिसावं म्हणून. आमच्या घरात शाळेपुढे कुणी गेलं नव्हतं.

६ सप्टेंबर

पहिलं काम मिळालं. लेचेव्ह डॉक्टर म्हणजे निवृत्त दंतवैद्य, त्यांनी तळघरात सिनेमाची खोली केली आहे. त्यांना पडद्याखालचा मधला स्पीकर हवाय. सिनेमातलं बोलणं जवळजवळ सगळं त्यातूनच येतं, बाजूच्यांकडे संगीत आणि पाऊसवारा. डॉक्टरांना जरा कमी ऐकू येतं. त्यांची तक्रार अशी, की पडद्यावरचा काय म्हणाला हे ते बायकोला विचारतात, तोवर तिचाही पुढचा संवाद हुकतो, आणि चाळीस वर्षांचा संसार या एका प्रश्नावर मोडायला आलाय.

आराखडा काढला. दोन्ही बाजूंना खालच्या सुरांचे वूफर, मधोमध एकावर एक बोलण्यासाठी छोटा शंकू आणि उंच सुरांचा ट्वीटर, म्हणजे कडेला बसलेल्यालाही शब्द नीट ऐकू येतील. बर्चच्या जाड प्लायची पेटी, आत आडवे टेकू, लोकरीचं अस्तर.

टपाल वाटणारी गेनामावशी भेटली. ती घंटा कधी वाजवत नाही, रस्त्यातूनच घरनंबर आणि नाव ओरडते, तीन गल्ल्यांना ऐकू जातं. माझा आराखडा बघून म्हणाली, “इंजिनीअरबाई, एवढा खटाटोप कशाला? मला बसवा पडद्याखाली. कॉफीवर काम करीन.”

१० सप्टेंबर

स्पीकर बसवला. डॉक्टरांच्या पडद्याखालच्या फळीच्या अगदी कडेला ओढला, खाली पाचर घालून तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे वळवलं, अंतरं टेपने मोजली. माझ्या आलेखावरची रेघ अगदी सपाट, म्हणजे एकही सूर कमीजास्त नाही. डॉक्टर दहा मिनिटं ऐकून म्हणाले, माणसं कपाटात बसून बोलताहेत.

मला रडू यायचं बाकी होतं. काका हसले. त्यांचे वडील गवंडी होते. जुने गवंडी सकाळी पहिल्या वाटसरूची सावली त्याच्या नकळत दोऱ्याने मोजत आणि तो दोरा भिंतीत चिणत. भिंत टिके, माणूस चाळीस दिवसांत मरे आणि त्याचा जीव त्या भिंतीत राही. काका म्हणाले, तुझी पेटी बघितली आणि आठवलं, तिच्यात कुणी राहत नाही बघ. मग स्वतःच म्हणाले, मनावर घेऊ नकोस पोरी, म्हाताऱ्याच्या गप्पा आहेत.

पण असल्या समजुती हसण्यावारी नेऊन जात नाहीत. तपासून खोट्या पाडाव्या लागतात.

१२ सप्टेंबर

हुबेहूब सारख्या दोन पेट्या केल्या आहेत. एकीत दोरा, एकीत नाही. कोणती कुठली ते ऐकणाऱ्यांना कळणार नाही. सगळे गोंधळतील आणि विषय संपेल.

काका डॉक्टरांकडे तारा ओढायला गेले होते. फाटकाशी पहिली आली गेनामावशी. पाठमोरी उभी राहून पत्रं लावत होती, सकाळची लांब सावली फरशीवर पडलेली. मी दोरा टाकून माप घेतलं. तिने वळून विचारलं, काय शोधतेस? मी म्हटलं, खिळा पडला. दोरा टेकूमागे सरस लावून बसवला आणि पेटी बंद केली.

१९ सप्टेंबर

डॉक्टरांच्या तळघरात सात जणांनी ऐकलं. मध्ये पडदा लावला होता. सातही जणांनी दोऱ्याचीच पेटी निवडली. डॉक्टरांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, माणूस समोर येऊन बसल्यासारखं वाटतं. तीच पेटी त्यांनी ठेवून घेतली.

दोन्हींचे आलेख मी एकावर एक ठेवले. रेघेला रेघ जुळते. काहीच फरक नाही.

काकांना दोऱ्याचं सांगितलं नाही. ते सगळ्यांना सांगत सुटलेत की आमची पोरगी हुशार आहे.

२६ सप्टेंबर

आज फाटकाची घंटा वाजली. गेनामावशी होती. घसा बसलाय म्हणे, मिरच्यांच्या धुराने. हातानेच खूण केली की कॉफी नको.

हा योगायोग आहे. आठवडाभरात घसे बसतातच. सातपैकी सात जणांनी निवडणं हाही योगायोग असू शकतो, शंभरात एखादा. मी हिशेब केला. पुन्हा केला.

३ ऑक्टोबर

डॉक्टरांचा फोन आला. स्पीकर सिनेमा बंद असताना बोलतो. बहुतेक रेडिओच्या लहरी येत असतील, असं मी म्हटलं. ते म्हणाले, “रेडिओ माझा घरनंबर कशाला सांगेल, बाई?”

९ ऑक्टोबर

भर दुपारी डॉक्टरांकडे गेले. तारा काढल्या. पेटी उचलून टेबलावर ठेवली, मायक्रोफोन समोर लावला. वीज नाही, तार नाही. आलेखावर एक छोटा उंचवटा उठला, मावळला, पुन्हा उठला. श्वासासारखा. मग अगदी स्पष्ट, अगदी जवळून —

अकरा नंबर. लेचेव्ह.

गेनामावशीचा आवाज. तीन गल्ल्यांना जाणारा, पण हळू.

डॉक्टरांची बायको उठून पेटीकडे चालायला लागली, कुणी हाक मारल्यावर जावं तशी. डॉक्टरांनी तिला धरलं आणि पेटी स्वतःच गाडीत ठेवून दिली.

काकांना सगळं सांगितलं. ते खाली बसले. फक्त एवढंच विचारलं, की कुणाचं माप. मी सांगितलं. हातातला रंधा त्यांनी पुसून ठेवला. मग म्हणाले, मी तुला गोष्ट सांगितली होती पोरी, काम नव्हतं सांगितलं.

१४ ऑक्टोबर

मावशी दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांना काही सापडत नाही.

पेटी उघडून दोरा काढायचा ठरवलं. वूफरचे दोन स्क्रू काढले — तेवढ्यात मावशीच्या मुलीचा फोन, आईचा श्वास थांबला. स्क्रू परत पिळले. घाईत नीट बसत नव्हते. बसले. फोनवर मुलगी रडत होती, आला, श्वास आला.

म्हणजे उघडायची नाही.

माप घेतल्यापासून आज बत्तिसावा दिवस.

१८ ऑक्टोबर

काकांना वडिलांचं एक सांगणं आठवलं. आतल्या माणसाला सोडवायचं तर दुसऱ्याचा दोरा आत घालावा लागतो. मग पहिला सुटतो.

काका स्वतःचं माप देणार. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, एकाहत्तर वर्षं सावली पाडतोय, कंटाळली असेल ती. हसवायला बघत होते. मला हसू आलं नाही. पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलाय त्यांनी.

ऊन हवं. तीन दिवस ढग आहेत.

पेटी आता माझाही घरनंबर सांगते.

२१ ऑक्टोबर, सकाळ

ऊन पडलं. काका उठायच्या आत मी अंगणात गेले. चूक माझी, दोरा मीच टाकला होता.

स्वतःची सावली मोजता येत नाही, वाकलं की तीही वाकते. टाचेशी खिळा ठोकला. ताठ उभी राहून सावलीच्या डोक्यावर खडे फेकत राहिले. नववा खडा बरोबर पडला. खिळ्यापासून खड्यापर्यंत दोरा. पेटीच्या मागच्या हवेच्या भोकातून आत सरकवला, वरून मेण ओतलं.

दुपार

मावशी बोलली. मुलीचा फोन आला — पाणी मागितलं, मग नर्सला झापलं की खाटेचा नंबर चुकीचा लिहिलाय. सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं म्हणे.

मी हसले. हसण्याला आवाज नव्हता.

काकांना कागदावर लिहून दाखवलं. पांढरा सदरा घालून ते पायरीवर बसून राहिले. मग मीच त्यांना दवाखान्यात पाठवलं, मावशीला बघायला. चाळीस दिवस आहेत माझ्याकडे, असं लिहून दिलं. काहीतरी सुचेल.

पाच वाजता

आईचा फोन. उचलला. बोलता येईना. फोन टेबलावर, पेटीसमोर — आणि पेटी म्हणाली, आई, मी बरी आहे.

माझ्या आवाजात.

आई खूश. म्हणते, आज किती स्पष्ट ऐकू येतंय गं, अगदी शेजारी बसल्यासारखं. पेटी तिला जेवलीस का विचारते. पाठदुखीचं विचारते. मी फोनकडे हात नेला, पण तेवढ्यात पेटी म्हणाली —

उद्या ये ना इकडे. सकाळच्या गाडीने. फाटकाशी उभी राहा, छान ऊन असतं.

आई हो म्हणाली. पेटीला आता तिची सावली हवी आहे. फोन ठेवला. मी परत लावतेय, ती उचलते, आणि पुन्हा पेटीच बोलते. संदेश पाठवावा तर तिला वाचायला चष्मा लागतो, शेजारीण लागते —

आत आता मी एकटीच आहे. मावशी सुटली आहे. म्हणजे पेटी फोडली तर जाईल ते फक्त —

काका यायच्या आत करायला हवं. सुरू केलं. करवत मधल्या टेकूपर्यंत गेली आहे, थोडंच उरलंय, हे लिहायला थांबले. श्वास तुटक येतोय. पेटी आईला हाका मारतेय, आवाज बारीक होत चाललाय, काका, आई उद्या आली तर तिला फाटकाशी उन्हात उभं राहू देऊ न —